सील गेलंय, गुरुजी!

पेठ वडगावात कुणाकडे जुनी मोटार आहे हे मोटार दारात असताना कळत नाही, ती बाहेर गेल्यावर कळतं. दारापुढच्या शहाबादी फरशीवर, बरोबर मध्यभागी, परातीएवढा काळा डाग मागे राहिलेला असतो. सोड्यानं घासा, रॉकेल ओता, दिवाळीत त्यावर रांगोळी काढा. डाग रांगोळीतूनही वर येतो.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या दारात मात्र हा डाग नव्हता. घरातल्या काकूंनी तो पडूच दिला नव्हता. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यांनी गाडीखाली सरकवून ठेवला होता. गुरुजी रोज सकाळी दात घासता घासता तो बाहेर ओढायचे आणि नव्या थेंबाभोवती लाल पेनानं गोल काढून शेजारी तारीख घालायचे. चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात, तो निवृत्तीनंतरही स्वस्थ बसेना. एप्रिलमधले गोल रुपयाएवढे होते, मे महिन्यात ते पुरीएवढे झाले आणि मिरगाच्या सुमाराला भाकरीएवढे. काकूंचं म्हणणं एवढंच, की ह्या घरात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीची इतकी नीट नोंद नाही.

गाडी म्हणजे मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ह्या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि २०१४ मध्ये ती बनायची थांबली. गुरुजींची गाडी नव्वदच्या दशकातली. मुलाचं मत 'विकून टाका', भंगारवाल्याचं मत 'द्या टाकून', आणि गुरुजींचं मत आरटीओच्या पावतीवर छापलेलं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करून घ्यायची फी ६०० रुपयांवरून ५००० वर गेली. गुरुजींनी ती भरली. पाच हजार भरलेली गाडी कोण भंगारात घालतं? पाच हजार वसूल व्हायला हवेत, मग त्यासाठी पंचवीस हजार गेले तरी चालतील, हा हिशेब वडगावात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

तर इंजिन खोलायचं ठरलं. पण खोलण्याआधी निदान, आणि निदानासाठी डॉक्टरांची वडगावात कधीच वाण नसते. कोल्हापूर भागात 'इंजिन' म्हटल्यावर आधी मोटार आठवत नाही, विहिरीवरचं ऑइल इंजिन आठवतं. ज्यांचं बालपण त्या इंजिनाचं हँडल मारण्यात आणि गुऱ्हाळाच्या घरघरीत गेलं, त्यांना इंजिनातलं कळतं की नाही, हे विचारणंसुद्धा अपमानाचं. शिवाय जिल्ह्याची रीतच अशी, की वस्तू मिळत नसेल तर करून घ्यायची. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर त्यांनी दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. त्या मातीतली माणसं एका गळक्या मारुतीला भितात होय?

जनावरांच्या बाजारात बैलाभोवती जमतात तशी चार माणसं बॉनेटभोवती जमली. एकानं बैलाचे दात बघावेत तशी डिपस्टिक ओढून पाहिली. दुसऱ्यानं सायलेन्सरच्या टोकाला बोट फिरवून वास घेतला. 'पन्हाळ्याचा उतार उतरून पायथ्याला ॲक्सिलेटर दिला की निळा धूर येतो का?' तिसऱ्यानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. उतारावर पाय सोडला की इंजिनाच्या आतली ओढ वाढते, व्हॉल्व्हच्या दांड्यावरची छोटी रबरी टोपी कडक झाली असेल तर तिथून तेल आत शोषलं जातं आणि पुन्हा पाय दिला की निळं होऊन मागून निघतं. काळा धूर पेट्रोलचा, पांढरा धूर फार वेळ राहिला तर पाण्याचा, निळा तेलाचा. एवढं शास्त्र पारावरच्या कुठल्याही आबांना पाठ असतं.

काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठंतरी कोंडलंय. कुकरची शिट्टी चोंदली की वाफ रिंगमधनं बाहेर पडते, तसं." चौघांनी चहा घेतला. मताची दखल कुणी घेतली नाही.

शेवटी गाडी गॅरेजात गेली. वडगावातून हातकणंगल्याकडे जा नाहीतर वाठारला हायवे गाठा, रस्त्याकडेला पत्र्याची शेडं लागतात, त्यातलंच एक. तिथले मिस्त्री गुरुजींचेच विद्यार्थी. सहावीच्या प्रगतिपुस्तकात गुरुजींनी त्यांच्या नावापुढे शेरा मारला होता : 'हुशार आहे, पण सूचना पाळत नाही.' मिस्त्री तो शेरा विसरलेले नव्हते. आधी त्यांनी इंजिन बाहेरून डिझेलनं धुऊन वाळवलं, मग हाताखालच्या बारक्याला हाक मारून अंगाला लावायची पावडर आणवली आणि सगळ्या इंजिनाला भुरभुरली. वाऱ्यानं तेल मागे आणि वजनानं खाली सरकत जातं, त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथं तो क्वचितच जन्मलेला असतो. गाडी अर्धा तास चालवून आणली की पांढऱ्या पावडरीवर काळी वाट दिसते आणि तिच्या उगमापर्यंत चालत जाता येतं. उगम गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यात निघाला.

"सील गेलंय, गुरुजी," मिस्त्री म्हणाले. "फ्लायव्हीलच्या मागलं."

"किती रुपयांचं असतं?"

"शंभर-दोनशे."

गुरुजींचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मिस्त्रींना रोजचा असतो. त्यामुळे ते पुढचं वाक्य थोडं थांबून बोलले. "पण त्येच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवायला लागतंय."

ऑइल सीलचा सगळा घोळ इथं आहे. हातात घेतलं तर ती बांगडीएवढी काळी रबरी चकती, आत पत्र्याची कडी. नीट बघितलं तर आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीला करदोट्यासारखी बारीक स्प्रिंग गुंडाळलेली. ही स्प्रिंग ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. एवढंच यंत्र, आणि काम मात्र विचित्र : फिरणाऱ्या लोखंडाभोवती स्वतः न फिरता बसायचं, लोखंडाला फिरू द्यायचं आणि तेलाला जाऊ द्यायचं नाही. समजा शाफ्ट ३५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि मिनिटाला ३००० फेरे घेतोय. मग त्या ओठाखालून तासाला जवळजवळ २० किलोमीटर लोखंड घासून जातं. गाडी वडगावातून पुण्याला पोचेपर्यंत बसल्या जागी ओठाची वेगळीच वारी झालेली असते, आणि त्याला माऊली म्हणायलाही कुणी नसतं.

त्यात आणखी एक गंमत. हा ओठ कोरडा असून चालत नाही. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा राहावाच लागतो, नाहीतर रबर जळून कडक होतं. तेल अडवायला बसवलेला पहारेकरी त्याच तेलाचा घोट घेऊन उभा राहतो. पहारेकऱ्यांची ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. तक्रार येते ती घोट मोठा झाल्यावर.

पूर्वी हा ओठ रबराचा नव्हताच, चामड्याचा होता. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग नावाचं कातडी कमावणारं घराणं होतं. तिथल्या वॉल्टर झिमर नावाच्या इंजिनिअरनं १९२९ मध्ये चामड्याचं फिरत्या शाफ्टचं सील तयार केलं. त्याच्या नावानं जर्मनीत आजही ऑइल सीलला 'झिमररिंग' म्हणतात. कृत्रिम रबर नंतर आलं. चामड्याचं सील बसवण्याआधी तेलात भिजत ठेवायचे. म्हणजे नव्या कोल्हापुरीला तेल पाजल्याशिवाय पाय घालू नये, हा नियम इकडच्या माणसाला जेवढा ठाऊक, तेवढाच तो जर्मनीतल्या फिटरलाही होता. फरक इतकाच, की कोल्हापुरी करकर वाजली तर कौतुक होतं. इंजिनाला तेवढी सूट नाही.

मागचं ऑइल सीलच नसलेली गाडीही ह्या भागानं डोक्यावर घेतलेली आहे. साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी अँबॅसडर आठवा. मॉरिस ऑक्सफर्डचं हे भारतीय रूप, आणि त्यात बराच काळ इंग्रजांचं १४८९ सीसीचं 'बी-सिरीज' इंजिन होतं. त्या इंजिनाच्या क्रँकला मागच्या टोकाला ओठाचं सीलच नव्हतं. त्याऐवजी शाफ्टवर उलटे आटे पाडलेले. शाफ्ट फिरला की आटे तेलाला मागं लोटत आत पाठवायचे. मोठी हुशारीची युक्ती, एकच अडचण : शाफ्ट थांबला की आटेही थांबतात. साहेब फेरी मारतोय तोवर टेबलावर मान खाली, साहेब गेले की सगळे चहाला. त्यामुळे गाडी रस्त्यावर असताना तेल आत राहायचं आणि दारात उभी राहिली की थेंब टाकायची. ह्याच घराण्यातल्या मॉरिस मायनरला तर क्लचच्या कवचाखाली तेल बाहेर पडायला मुद्दाम भोक ठेवलेलं, आणि ते बुजू नये म्हणून त्यात एक स्प्लिट पिन लटकवलेली असायची. गाडीच्या हादऱ्यानं पिन हलायची आणि भोक साफ राहायचं. गळणार हे कंपनीनं आधीच मान्य केलं होतं, सोय तेवढी व्यवस्थित केली होती. चेअरमनसाहेबांच्या पोर्चमधला डाग हा ड्रायव्हरचा हलगर्जीपणा नव्हता, तो मूळ आराखड्यातच होता. बिचारे कित्येक ड्रायव्हर उगाच बोलणी खाऊन रिटायर झाले.

मारुतीला ही सबब नाही. तिला ओठाची सीलं आहेत आणि ती एक नाही, अनेक आहेत. गिअरबॉक्स उतरला, इंजिन बाकड्यावर आलं, आणि मिस्त्रींनी गॅरेज धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य उच्चारलं :

"हात लागलाच हाय तर..."

हात लागलाच आहे तर क्रँकचं पुढचं सील बदलूया. ते टायमिंग बेल्टच्या मागे असतं. हात लागलाच आहे तर कॅमशाफ्टचंही बदलूया, कारण ते गळलं तर तेल थेट बेल्टवर, आणि तेल प्यायलेला बेल्ट फार दिवस जगत नाही. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, व्हॉल्व्हच्या टोप्या, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग. मिस्त्री बोटांवर मोजत होते, गुरुजी मनातल्या मनात बेरीज करत होते. पूर्वी बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, चारचौघांत आकडा फुटायचा नाही. गॅरेजात ती सोय नाही. आकडा उघड्यावर होता आणि बारक्या ऐकत होता.

"आणि गिअरबॉक्सची दोन सीलं. ड्राइव्ह शाफ्टची," मिस्त्री म्हणाले.

"ती गळतायत?"

"आज न्हाई गळत."

"मग कशाला?" गुरुजींनी वहीत रेघ मारली. "चांगली आहेत ती राहू देत."

"गुरुजी, गिअरबॉक्स काढताना शाफ्ट बाहेर ओढायला लागतात. जुनं सील एकदा हललं की पुन्हा तसं बसत न्हाई. स्वस्त हाईत, घालूया."

पण गुरुजींची रेघ एकदा पडली की पडली. पंचवीस हजारांच्या कामात तीनशे रुपये वाचवल्याचं जे समाधान असतं, ते पंचवीस हजार वाचवल्यानंही मिळत नाही.

सीलं आणायला बारक्याला कोल्हापुरात धाडलं. दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक गाडीचं नाव सांगतात, दुसरी जुनं सील काउंटरवर टाकतात. दुकानदाराचा विश्वास दुसऱ्या प्रकारावर. सीलच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ३५-५०-८ म्हटलं की जगात कुठंही तेच सील मिळतं, मग ते पंपाचं असो, ट्रॅक्टरचं असो की विलायती यंत्राचं. आकडे पुसलेले असतील तर व्हर्निअर लावून मोजायचं. मग रबराचा प्रश्न. साधं नायट्राइल रबर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास थकायला लागतं. फ्लोरोरबर, ज्याला गॅरेजात 'विटॉन' म्हणतात, दोनशेपर्यंत टिकतं आणि किमतीतही तसाच ताठा दाखवतं. काही सीलांच्या ओठावर तिरप्या बारीक रेघा असतात आणि बाजूला बाण. शाफ्ट कुठल्या दिशेनं फिरतो त्याप्रमाणे ह्या रेघा तेल परत आत ढकलतात. उलट्या बाणाचं सील बसवलं तर ते तितक्याच निष्ठेनं तेल बाहेर ढकलतं.

जुनं सील मिस्त्रींनी उचकटून गुरुजींच्या तळहातावर ठेवलं. नख दाबलं तर रुतेना. वाकवलं तर तीन दिवसांच्या भाकरीसारखं कडाडून चिरलं. "हे बगा," म्हणत मिस्त्रींनी शाफ्टवरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. इतक्या वर्षांत मऊ रबरानं कठीण पोलादावर चर पाडला होता. खरं तर रबराबरोबर तेलातली कचकच, धूळ आणि कार्बनचे कण मिळून हे काम करतात. पण विहिरीच्या काठावर दोरानं चर पडतो तसाच हा प्रकार. नवं सील त्याच चरात बसवलं तर पहिल्या दिवसापासून गळणार. म्हणून ते मिलिमीटरभर मागेपुढे बसवायचं, म्हणजे ओठाला नवी, गुळगुळीत जागा मिळते. चर फारच खोल असेल तर शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवतात. इथं मिलिमीटरवर भागलं.

पुढची दहा मिनिटं गॅरेजात रेडिओ बंद होता. मिस्त्रींनी हात साबणानं धुतले, जे त्यांनी जेवणाआधीही कधी केलेलं बारक्याला आठवत नव्हतं. सीलची जागा स्वच्छ फडक्यानं पुसली, ओठाला बोटानं ताजं तेल लावलं, ओठ आतल्या बाजूला, तेलाकडे तोंड करून धरला. मग एका जुन्या बेअरिंगचा बाहेरचा कप सीलवर टेकवला. जोर सगळीकडून सारखा पडायला हवा. एक बाजू आधी खाली गेली की चकती वाकते, आणि आतली स्प्रिंग निसटली तर तिचा पत्ता लागत नाही. हातोडी उचलून ठोका असा घातला, जसा निजलेल्या पोराला थोपटावं. टक. थोडं फिरवून पुन्हा टक. प्रत्येक ठोक्याला आवाज जरा भरीव होत गेला आणि शेवटी एकदा तो एकदम बदलला, बंद झाला. "बसलं," मिस्त्री म्हणाले. इंच-टेप कुठंच नव्हती. सगळं कानावर.

गुरुजींना त्या क्षणी सहावीतला शेरा आठवला असावा, कारण ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

इंजिन पुन्हा चढवण्याआधी मिस्त्रींनी ब्रीदरची नळी काढली. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली झिरपतोच, तो बाहेर सोडायला ही नळी असते. नळीतून पलीकडचं काही दिसेना. आत काळ्या काकवीसारखा गाळ घट्ट बसला होता. वायूला वाट न मिळाल्यानं आतला दाब वाढत गेला, आणि दाब नेहमी सगळ्यात कमकुवत दार शोधतो. ते दार म्हणजे फ्लायव्हीलमागचं सील. ते वयानं कडक झालंच होतं, त्यात ब्रीदर बंद. नळी साफ केली नसती तर नवं सीलसुद्धा वर्षभरात गेलं असतं.

"म्हणजे कुकरची शिट्टीच," गुरुजी हळूच म्हणाले.

"कोण म्हटलं?"

"काकू."

मिस्त्रींनी नळी डिझेलच्या डब्यात बुडवली. "पयल्या दिवशी काकूंनाच आणायचं हुतं."

गाडी घरी आली. काकूंनी नवा पुठ्ठा घातला. ह्या वेळी फ्रिजच्या खोक्याचा, ऐसपैस. पहिली सकाळ कोरी गेली. दुसरी कोरी. गुरुजी लाल पेन घेऊन पुठ्ठ्यापाशी उभे राहायचे आणि कामावाचून परत जायचे. तिसऱ्या दिवशी शेजारचे आबा येऊन बघून गेले आणि "खरंच की" म्हणाले. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक निघते तेव्हा कोल्हापूरकर जसे बाजूला होऊन वाट देतात, तशी वाट त्या दिवसांत गल्लीत मारुतीला मिळत होती.

नवव्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब होता.

गुरुजी गुडघ्यावर बसले. थेंब काळा नव्हता, मधाच्या रंगाचा होता. नेहमीच्या जागेवर नव्हता, हातभर बाजूला होता. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. गंधकासारखा, नाकात घुसणारा वास. संध्याकाळी मिस्त्री फटफटीवरून जाता जाता थांबले, त्यांनीही बोट लावलं, पण नाकाशी न्यायची गरज त्यांना पडली नाही.

"इंजिनचं न्हाई, गुरुजी. गिअरचं हाय."

"ड्राइव्ह शाफ्टचं?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी गुरुजींच्या खिशातला लाल पेन मागून घेतला, पुठ्ठ्यावर वाकून थेंबाभोवती एक देखणा गोल काढला, शेजारी तारीख घातली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं : 'हुशार आहेत, पण सूचना पाळत नाहीत.'

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं आणि पुठ्ठा आत नेऊन ठेवला. गाडीखाली त्यांनी दुसरा घातला.